तीन कुलपांची पेटी : बायकांच्या गटाला पहिला निधी उभा करायचा असेल तर

निधीसाठी आलेले अर्ज वाचायचं काम मी बरीच वर्षं केलं, आणि त्याआधी असे अर्ज लिहायचंही. दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नवे गट हमखास उलट्या टोकाने सुरुवात करतात. पैसे कुठून मिळतील याची चौकशी सगळ्यात आधी, ते नक्की कशाला हवेत हे त्यानंतर, आणि सांभाळणार कोण याचा विचार चेक हातात पडल्यावर. मी इथे तो क्रम फिरवणार आहे. निधी देणाऱ्यांची नावं पुढे येतीलच, घाई करू नका.

आधी पेटी

१९९१ साली नायजर देशातल्या मराडी भागात केअर या संस्थेने बायकांचे बचत गट उभे केले. 'मता मासू दुबारा' हे त्या कामाचं हौसा भाषेतलं नाव. बाहेरचं भांडवल नाही. बायकांनी ठरलेल्या दिवशी थोडे थोडे पैसे टाकायचे, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचं, आणि साधारण वर्षभराने सगळं मोजून ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचं. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली आणि तिच्यासोबत एक लोखंडी पेटीही गेली. पेटीला तीन कुलपं. चाव्या तीन वेगळ्या बायकांकडे, पेटी चौथीच्या घरी. उघडायची ती बैठकीतच, सगळ्यांच्या देखत.

ऐकणाऱ्याला वाटतं, हे चोराच्या भीतीने केलं असणार. पण चोर काय, पेटीच उचलून नेईल. कुलपांचा खरा उपयोग घरात होतो. रात्री कोणीतरी म्हणतं, "दोनच दिवसांसाठी दे, परत टाकतो." नवरा म्हणतो, दीर म्हणतो, कधी कमावता मुलगा म्हणतो. चावी तिच्या एकटीकडे असेल तर तिला 'नाही' म्हणावं लागतं, आणि त्या 'नाही'चा त्रासही तिलाच होतो. तीन कुलपं असली की ती म्हणते, "माझ्या एकटीने उघडत नाही." बोलणं तिथेच संपतं.

हा लेख मुळात या एकाच गोष्टीबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल. हिशेब, सह्या, ठराव यांचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि 'आमचा एकमेकींवर विश्वास आहे' असं म्हणून ते टाळले जातात. विश्वास असेलच. पण नियम असला की कोणत्याही एका बाईला एकटीने विरोधाला तोंड द्यावं लागत नाही.

तर पहिलं काम हे. बँकेत गटाच्या नावाने खातं काढा. तिघींच्या सह्या नोंदवा आणि पैसे काढायला त्यातल्या कोणत्याही दोघींच्या सह्या लागतील असं लिहून द्या. या तिघी एका घरातल्या नसाव्यात. सासू-सून किंवा सख्ख्या जावा तर नकोतच. आणि एक प्रश्न हल्ली मी आवर्जून विचारते: खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा? कागदावर तिन्ही नावं बायकांची असतात, पण बँकेचा ओटीपी येतो सेक्रेटरीबाईंच्या मुलाच्या फोनवर. मग त्या खात्याची चावी कोणाकडे आहे, हे सांगायला नको.

बायकांच्या नेतृत्वाखालचा गट कोणता, हे ओळखायला फोटो बघू नका. सही कोणाची, बैठकीची वेळ कोणाच्या सोयीने ठरते, आणि खर्चाला 'नको' म्हणायचा हक्क कोणाला, एवढं विचारा. चांगले निधी देणारेही हेच विचारतात, फक्त जरा आडवळणाने.

वही

पेटीसोबत वही आलीच. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली घ्या. सुट्या पानांची फाइल नको. वापरायला काढायच्या आधी प्रत्येक पानावर क्रमांक घाला, म्हणजे पान फाडलं तर कळेल. रकाने साधे: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक आणि शेवटी सही. चूक झाली तर पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि दोघींनी छोटी सही करायची. खाडाखोड दिसली तर काही बिघडत नाही. लपवलेली खाडाखोड मात्र तपासनिसाला ताबडतोब दिसते.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी एकीने वहीतली शिल्लक मोठ्याने वाचायची, दुसरीने पेटीतले पैसे मोठ्याने मोजायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आकडा ऐकू येतो आणि पुढच्या बैठकीपर्यंत तो पाठ असतो. मी असे गट पाहिले आहेत जिथे वहीत चूक झाली आणि ती पकडली अंगठा उठवणाऱ्या बाईने, कारण गेल्या वेळची शिल्लक तिच्या डोक्यात पक्की होती.

इतिवृत्ताची वही वेगळी ठेवा. कोण आलं, काय ठरलं, कोणी विरोध केला. विरोध जरूर लिहा. सगळे ठराव एकमताने झालेले दिसले की वाचणाऱ्याला शंका येते, आणि ती रास्त असते. पावत्या तारखेप्रमाणे चिकटवून ठेवा. पावती मिळतच नाही अशा खर्चासाठी, म्हणजे हमाली, छोटी मजुरी वगैरे, व्हाउचर करा आणि पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या.

हे किमान सहा महिने चालू द्या. निधीचा विषय तोवर काढूच नका. अर्जासोबत सहा महिन्यांच्या वहीच्या प्रती जोडता आल्या, तर तुम्ही अर्ध्याहून जास्त स्पर्धकांच्या पुढे गेलात, असं मी अर्ज वाचणारी म्हणून सांगते.

आपला वाटा मोजा, श्रमासकट

१९७४ साली अहमदाबादला सेवा बँक सुरू झाली ती ४,००० कष्टकरी बायकांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन. ही गोष्ट सांगताना लोक '१० रुपये' या शब्दांवर जोर देतात. मला ४,००० जास्त महत्त्वाचे वाटतात. मोठा निधी देणारा आधी हेच बघतो की ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनी स्वतः काही घातलंय का, आणि किती जणींनी.

वर्गणी कमी असली तरी चालेल, नियमित हवी. आळीपाळीने रक्कम उचलायची पद्धत जगभर आहे. मराठीत तिला भिशी म्हणतात, केनियात चामा, पश्चिम आफ्रिकेत कुठे सूसू तर कुठे तोंतीन. भिशी चालवलेल्या बायकांना शिस्त शिकवावी लागत नाही. पण भिशीतला पैसा आणि कामाचा पैसा एकत्र करू नका. भिशीचा हप्ता एकीचा असतो, कामाचा पैसा सगळ्यांचा.

आता श्रमाचं. समजा तुमच्यातल्या १२ जणी आठवड्याला ३ तास या कामाला देतात. वर्षाचे ५० आठवडे धरले तर १,८०० तास झाले. हा आकडा अर्जात लिहा. तुमच्या भागात त्या कामाची जी मजुरी चालते तिने गुणून रक्कमही लिहा, आणि समोर 'सदस्यांचे श्रमदान' असं स्पष्ट म्हणा. बायका हे लिहायला लाजतात. "त्यात काय, आम्ही करतोच की." हेच काम बाहेरच्या माणसाने केलं असतं तर त्याचं बिल आलं असतं. मात्र न दिलेले तास दाखवू नका, हजेरीपट ठेवा.

एका पानात काम

काय करायचंय ते एका पानात मावलं पाहिजे. मी गटांना सांगते, लिहायला बसूच नका. ज्या बाईला बोलायला आवडतं तिला समोर बसवा, शेजारीण आली आहे असं समजून सगळं सांगायला लावा, आणि फोनवर रेकॉर्ड करा. नंतर ते ऐकून उतरवून काढा. लिहायला घेतलं की माणूस असं लिहितो: "महिलांच्या सर्वांगीण सक्षमीकरणासाठी बालसंगोपन केंद्राची नितांत आवश्यकता आहे." तीच बाई तोंडाने म्हणते: "कामावर जाताना धाकट्याला थोरलीकडे ठेवते, म्हणून थोरलीची शाळा बुडते. अशा आमच्या वस्तीत २३ मुली आहेत, आम्ही घरोघर जाऊन मोजल्या." दुसरं वाक्य जसंच्या तसं अर्जात घाला. त्यात अडचण आहे, आकडा आहे, आणि तो कसा काढला तेही आहे.

त्याच पानावर हेही ठरवा की वर्षाने काय मोजणार. इथे वांगारी माथाई यांची एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी १९७७ साली केनियात ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. झाडं लावणाऱ्या बायकांना थोडा मोबदला मिळायचा, पण तो जगलेल्या रोपामागे. लावलेलं रोप मोजणं सोपं असतं, फोटोही छान येतो. जगलेलं मोजायला पुन्हा जावं लागतं. तुमच्या कामातलं 'जगलेलं रोप' कोणतं ते शोधा. पाळणाघर उघडलं, हे लावलेलं रोप. त्या २३ मुलींपैकी किती जणी वर्षअखेर रोज शाळेत आहेत, हे जगलेलं.

अंदाजपत्रक

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

वरच्याच पाळणाघराचं उदाहरण घेऊ. एकूण खर्च १०० भाग धरा. बहुतेक नवे गट असं मांडतात: साहित्य ६०, जागा २०, मानधन १०, किरकोळ १०. त्यांना वाटतं, वस्तू दाखवता येतात, पगार मागितले तर लोभी दिसू. वर्ष संपतं तेव्हा पाळणे असतात, खेळणी असतात, आणि मुलं सांभाळणाऱ्या दोघी कधीच दुसऱ्या कामाला लागलेल्या असतात.

खऱ्या खर्चाच्या जवळ जाणारी मांडणी साधारण अशी होईल: दोन सांभाळणाऱ्या बायकांचं मानधन ५०, जागा १४, मुलांचा आहार १२, साहित्य ७, प्रशिक्षण ५, दुरुस्ती आणि स्वच्छता ४, हिशेब तपासणी आणि बँकेचा खर्च ३, आकस्मिक ५. बेरीज १०० येते. तुमच्या कामात आकडे वेगळे असतील, पण मानधनाची ओळ सगळ्यात मोठी आली तर घाबरू नका. माणसं लागणाऱ्या कामात ती मोठीच असते. बायकांच्या कामात माणसं फुकट मिळतात ही समजूत आपणच अर्जातून पसरवत आलो आहोत.

प्रत्येक मोठ्या खरेदीसाठी तीन दुकानांची दरपत्रकं घ्या. पैसे मागितल्यापासून मिळेपर्यंत बरेच महिने जातात, तोवर भाव वाढतात; ते धरून चला. बैठकीला येणाऱ्या बायकांचा प्रवासखर्च घाला. बैठकीच्या वेळी त्यांची मुलं कोण सांभाळणार, तोही खर्च घाला. हे वगळलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं घर लांब आहे आणि मूल लहान आहे त्या गळतात, आणि ज्यांच्यासाठी काम होतं त्या नेमक्या त्याच असतात.

पैसा कोणाचा घ्यायचा

आता निधी देणाऱ्यांकडे वळू.

सगळ्यात जवळचा पैसा म्हणजे वर्गणी आणि ओळखीतल्या लोकांच्या देणग्या. रक्कम छोटी, अटी कमी, पुन्हा मागता येते. पहिलं वर्ष शक्यतो यावरच काढा. इंटरनेटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करता येतात. २००२ पासून चालू असलेलं ग्लोबलगिव्हिंग हे त्यातलं एक जुनं व्यासपीठ. पण अनोळखी लोक आपोआप येऊन पैसे देतात हा भ्रम आहे. सुरुवातीचे दाते तुमच्या ओळखीचेच असतात. त्यांची यादी हातात असल्याशिवाय मोहीम उघडू नका.

कर्ज फक्त ज्या कामातून कमाई होणार आहे त्यासाठीच. पाळणाघर, वाचनालय, पाण्याचा नळ यासाठी कर्ज काढू नका. काम चांगलं चाललं तरी हप्ता कोणाच्या तरी घरातून जाईल.

मग येतात महिला निधी. ही खास बायकांच्या गटांना अनुदान देणारी संस्था असते. पैसे परत करायचे नसतात, हिशेब द्यायचा असतो. १९८३ साली अॅमस्टरडॅममध्ये मामा कॅश सुरू झाली, १९८७ साली अमेरिकेत ग्लोबल फंड फॉर विमेन, २००० साली आफ्रिकेतल्या बायकांसाठी घानाच्या अक्रामध्ये आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड. फ्रीडा हा निधी तरुणींच्या गटांसाठी आहे आणि त्याची रीत मला फार आवडते: अर्ज करणारे गटच एकमेकांचे अर्ज वाचून मत देतात. काम पर्यावरणाशी जोडलेलं असेल, म्हणजे पाणी, जंगल, बियाणं, तर १९९३ पासून छोटी अनुदानं देणारा ग्लोबल ग्रीनग्रँट्स फंड आहे, आणि १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे चालणारा लघु अनुदान कार्यक्रमही. प्रत्येकाचे विषय आणि अटी बदलत असतात, काही ठिकाणी थेट अर्ज घेत नाहीत. म्हणून त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची ताजी माहितीच खरी धरा. कोणी पुढे ढकललेला मेसेज नको. परदेशातून पैसे घ्यायला बऱ्याच देशांत वेगळी परवानगी लागते. ती आहे का, हे अर्जाआधी हिशेबनिसाला विचारा, नंतर नव्हे.

तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर एखादी नोंदणीकृत संस्था यजमान म्हणून घेता येते. पैसे तिच्या खात्यात येतात आणि ती ते तुम्हाला देते. व्यवस्था चांगली आहे, पण तोंडी ठेवू नका. ती किती टक्के कापणार, पैसे आल्यावर किती दिवसांत देणार, खरेदीचा निर्णय कोणाचा, आणि भांडण झालं तर उरलेल्या रकमेचं काय, या चार गोष्टी कागदावर हव्यात.

आणि हे पाठच करा: अनुदान देण्यासाठी जो आधी 'प्रक्रिया शुल्क' मागतो, तो अनुदान देणारा नव्हे. कितीही सुंदर लेटरहेड असो.

अर्ज आणि नकार

अर्जाबद्दल फार सांगण्यासारखं उरत नाही, कारण वही, एक पान आणि अंदाजपत्रक तयार असेल तर तो जवळजवळ लिहूनच झालेला असतो. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्या. शब्दमर्यादा पाळा. आकड्यांची बेरीज दोघींनी वेगवेगळी करा. बेरीज चुकलेले अर्ज तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त येतात. बायकामुलांचे फोटो लावायचे असतील तर ज्यांचे आहेत त्यांना ते कुठे जाणार हे सांगून विचारा.

बहुतेक अर्ज नाकारले जातात. नकार आला की दोन ओळींचं आभाराचं पत्र लिहून 'कुठे कमी पडलो' असं विचारा. सगळे उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा जा.

कधी कधी नकार तुम्हीच द्यायचा असतो. फलकावर नाव, कार्यक्रमाला गर्दी, कोणाच्या तरी प्रचाराला हजेरी, अमुक दुकानातूनच खरेदी अशा अटींवर येणारा पैसा नंतर महागात पडतो. इथेही तीच पेटी कामाला येते. समोरचा माणूस वजनदार असेल तर अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे उत्तर देऊच नये. "बैठकीत ठेवते, ठराव होईल तसं लेखी कळवते," एवढंच बोलायचं.

पैसे आल्यावर

आमच्या गटाची एक फजिती सांगते. शिवणकामासाठी आम्हाला अनुदान मिळालं होतं. मंजुरी नव्या यंत्रांची होती. तेवढ्यात एक कारखाना बंद झाला आणि चांगली वापरलेली यंत्रं निम्म्या किमतीत मिळत होती. आम्ही ती घेतली आणि वाचलेल्या पैशात दुप्पट यंत्रं आणली. आमच्या मते आम्ही शहाणपणा केला होता. अहवाल गेल्यावर निधी देणाऱ्यांचं पत्र आलं की वापरलेल्या वस्तू करारात बसत नाहीत, रक्कम परत करा. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता, पावत्या होत्या, तरी तीन महिने पत्रव्यवहार चालला आणि काही भाग परत द्यावा लागलाच. त्यांची चूक मी म्हणणार नाही, जरी तेव्हा खूप म्हटली. खर्च करण्याआधी चार ओळींचा ईमेल टाकला असता तर बहुधा होकार आला असता. तेव्हापासून नियम केला: योजना बदलली की आधी लेखी विचारायचं, उत्तर येईपर्यंत पैशाला हात लावायचा नाही.

अनुदानासाठी वहीत वेगळा भाग उघडा, वर्गणीत मिसळू नका. रक्कम किती आली आणि कशाकशाला आहे, हे बैठकीच्या जागी मोठ्या कागदावर लिहून लावा आणि दर महिन्याला खर्च त्यावर भरत जा. आकडा लपला की अफवा वाढते, आणि अफवा नेहमी एका बाईच्या नावाने फिरते. 'तिने घर दुरुस्त केलं म्हणे' हे वाक्य ज्या गटात एकदा आलं तिथे पुढचं काम फार जड जातं.

अहवालात जे जमलं नाही तेही लिहा. २३ मुलींपैकी १४ जणींची शाळा सुरू झाली असेल तर १४ लिहा, आणि उरलेल्या ९ का आल्या नाहीत ते सांगा. अहवाल शेवटच्या तारखेच्या आधी द्या.

वर्ष झालं की चाव्या बदला. जुन्या तिघी कितीही चोख असल्या तरी बदला, आणि गट सुरू करणारी बाई त्यात असेल तर तिची चावी सगळ्यात आधी. बँकेत सह्या बदलायला ठरावाची प्रत लागते, ती त्याच दिवशी काढून ठेवा. जोडलेला फोन नंबरही तेव्हाच बदलून घ्या. पेटी सगळ्यांसमोर उघडून पैसे मोजा, आकडा वहीत लिहा, आणि त्याखाली सहाजणींच्या सह्या घ्या: देणाऱ्या तिघींच्या आणि घेणाऱ्या तिघींच्या.